संगणक आणि आपण : व्हिडिओ अडखळतो म्हणून ग्राफिक्स कार्ड घ्यायचे का?



बोनसचे दिवस जवळ आले की पिंपरीच्या बाजारापासून चाकणच्या चौकापर्यंत दुकानांवरच्या पाट्या बदलतात. टीव्ही, फ्रीज, कॉम्प्युटर, सगळे काही हप्त्यावर मिळते. वर्षभर तीन पाळ्यांत राबून मिळवलेला पैसा अशा वेळी एका संध्याकाळीत हातातून निसटतो. म्हणून या खेपेला खरेदीआधी वाचावे असे थोडे लिहीत आहे.

चाकण औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका बंधूंचे पत्र आले आहे. ते लिहितात, "मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिच्यासाठी ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर घेतला. व्याख्यान लावले की आवाज नीट येतो, पण चित्र अडखळते. फळ्यावर काय लिहिले ते वाचेपर्यंत चित्र उडी मारून पुढे जाते. दुकानदार म्हणतो, काका, नऊ हजारांचे ग्राफिक्स कार्ड टाका, चित्र लोण्यासारखे चालेल. टाकू का?"

असाच प्रश्न अनेक घरांत आहे. कोणाचा मुलगा मोरवाडीच्या आयटीआयमध्ये शिकतो आणि 'भारत स्किल्स'वरचे व्हिडिओ पाहतो. कोणाची मुलगी 'स्वयम्' किंवा 'एनपीटीईएल'वरची व्याख्याने ऐकते. शिकवणीची फी परवडत नाही, त्या घरात हा पडदाच शिक्षक असतो. शिक्षक दर मिनिटाला अडखळू लागला तर मूल पुस्तक मिटून उठते. त्यामुळे हा प्रश्न करमणुकीपुरता नाही.

त्या बंधूंना आणि सर्वांनाच सरळ उत्तर देतो. बहुतेक घरांना नऊ हजारांच्या कार्डाची गरज नसते. मात्र काही घरांना खरोखर असते. आपण कोणत्या घरात मोडतो हे कसे ओळखायचे ते आता पाहू.

चित्र हलते ते कसे?

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे असतात, आपल्याकडच्या टीव्हीत २५, मोबाईलवर बहुधा ३० किंवा ६०. प्रत्येक चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. जुन्या दूरदर्शनच्या चित्राचे संगणकी माप ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपके. आज ज्याला फुल एचडी म्हणतात ते १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. बरोबर पाचपट. फोर-के म्हणतात ते याच्याही चौपट.

सेकंदाला २५ चित्रे धरली तर फुल एचडीमध्ये दर सेकंदाला ५ कोटी १८ लाख ४० हजार ठिपके रंगवावे लागतात. एवढी माहिती आहे तशी पाठवायची म्हटले तर सेकंदाला सुमारे ६२ कोटी बिट लागतील. घरातल्या इंटरनेटला ते झेपणारे नाही. म्हणून पाठवणारा चित्राच्या घड्या घालतो, आवळून गाठोडे बांधतो आणि ते सेकंदाला सुमारे ५० लाख बिटांत बसवतो. सव्वाशे पोत्यांचा माल एका पोत्यात, असे समजा.

हे गाठोडे आपल्या घरातल्या यंत्राला सोडावे लागते, तेही ठरलेल्या वेळेत. २५ चित्रांच्या व्हिडिओत एका चित्राला ४० मिलिसेकंद मिळतात. ६० चित्रांच्या व्हिडिओत जेमतेम १७. असेम्ब्ली लाईनवर काम करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. सायकल टाइम ठरलेला असतो, लाईन कोणासाठी थांबत नाही. एका स्टेशनवर जॉब वेळेत झाला नाही तर तो सोडून पुढचा घ्यावा लागतो. संगणकही तेच करतो. वेळेत न झालेले चित्र टाकून देतो आणि पुढचे दाखवतो. आपल्याला ते अडखळणे म्हणून दिसते.

लेथ आणि एसपीएम

गाठोडे सोडण्याचे काम दोन जण करू शकतात. एक म्हणजे संगणकाचा मुख्य प्रोसेसर. तो चांगल्या लेथसारखा आहे. कोणताही जॉब लावा, कुशल टर्नर तो काढून देईल. पण वेळ लागेल, आणि दुसरे काम तोपर्यंत पडून राहील.

दुसरा म्हणजे ग्राफिक्सच्या चिपमध्ये बसवलेला एक छोटासा भाग. त्याला डिकोडर म्हणतात. भोसरीच्या कारखान्यांतली एसपीएम आठवा. एकाच जॉबसाठी बनवलेले स्वतंत्र मशीन. जॉब लावला, बटण दाबले, माल तयार. वीजही कमी, वेळही कमी. पण ड्रॉइंग बदलले की त्या एसपीएमवर नवा जॉब बसत नाही. मग तो परत लेथवर न्यावा लागतो.

सगळी गोम इथे आहे. दुकानदार सांगतो 'दोन जीबीचे कार्ड', 'चार जीबीचे कार्ड'. ती जीबी कार्डाच्या स्मरणशक्तीची. गेम खेळणाऱ्याला तिचा उपयोग होतो. व्हिडिओ पाहणाऱ्याने विचारायचे ते वेगळेच. माझा व्हिडिओ ज्या पद्धतीने बांधला आहे, त्या पद्धतीची एसपीएम या चिपमध्ये आहे का? ती असेल तर प्रोसेसरच्या पोटातले साधे ग्राफिक्सही फुल एचडी सहज चालवते. ती नसेल तर नवे कोरे कार्डही उपयोगाचे नाही.

गाठोडे बांधण्याच्या चार पद्धती

बांधण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. आपल्या कामाच्या चार आहेत.

पहिली एच.२६४, म्हणजेच एव्हीसी. ही २००३ सालची. आजही सर्वांत जास्त चालणारी. गेल्या पंधरा वर्षांत बनलेल्या जवळजवळ प्रत्येक संगणकात हिची एसपीएम आहे.

दुसरी एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी. ही २०१३ सालची. तेवढ्याच दर्जाचे चित्र बरेच कमी जागेत बसवते. आयफोन २०१७ पासून याच पद्धतीने चित्रण करतो आणि अनेक अँड्रॉइड फोनांतही ही सोय आहे.

तिसरी व्हीपी९, तीही २०१३ सालची, गूगलची. यूट्यूबवर हिचा वापर मोठा आहे.

चौथी एव्ही१, २०१८ सालची, अनेक कंपन्यांनी मिळून काढलेली. यूट्यूबवर ही वाढत चालली आहे.

आता इंटेलच्या प्रोसेसरकडे पाहू, कारण ऑफिसातून निघालेल्या संगणकांत बहुधा तोच असतो. नावापुढच्या आकड्यावरून पिढी ओळखता येते. आय-५ ३४७० म्हणजे तिसरी पिढी, आय-५ ६५०० म्हणजे सहावी, आय-५ १०४०० म्हणजे दहावी. सेलेरॉन आणि पेंटियम यांना मात्र हा हिशेब लागू होत नाही.

दुसऱ्या ते पाचव्या पिढीत भरवसा ठेवावा तो फक्त एच.२६४ चा. २०१५ ला आलेल्या सहाव्या पिढीत साध्या एचईव्हीसीची भर पडली. सातव्या पिढीपासून व्हीपी९ आणि जास्त रंगांची, म्हणजे दहा बिटची, एचईव्हीसीही चालू लागली. अकराव्या पिढीच्या ग्राफिक्सपासून एव्ही१ आली. म्हणजे जुना संगणक घेताना तिसऱ्या आणि सातव्या पिढीच्या किमतीत थोडा फरक असला, तरी व्हिडिओच्या बाबतीत दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एएमडीच्या रायझनमध्ये नावाच्या शेवटचे अक्षर पाहावे. २२००जी, ३२००जी, ५६००जी यांत 'जी' म्हणजे आत ग्राफिक्स आहे. हे तिघे एच.२६४, एचईव्हीसी आणि व्हीपी९ चालवतात, पण एव्ही१ ची एसपीएम त्यांच्यात नाही.

आधी रोग ओळखा

डॉक्टर नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. इथे मात्र न तपासताच कार्ड गळ्यात मारले जाते. अडखळण्याचे प्रकार वेगवेगळे असतात, त्यांची कारणेही वेगळी.

चित्र थांबते, मधोमध गोल फिरत राहतो, आवाजही थांबतो. हा दोष इंटरनेटचा. कार्ड टाकून काहीही होणार नाही.

आवाज सुरळीत चालतो, पण चित्र झटके देते. हा गाठोडे न सुटण्याचा दोष. आपला विषय हाच.

माऊस हलत नाही, सगळा संगणकच गोठतो. बहुधा स्मरणशक्ती कमी पडते किंवा जुनी हार्ड डिस्क थकली आहे. इथे पैसे रॅमवर किंवा एसएसडीवर घालावेत. व्हिडिओ वाचायला डिस्क वेगवान लागते असे काही जण सांगतात, ते खरे नाही. फुल एचडी व्हिडिओ सेकंदाला एक मेगाबाइटही मागत नाही. जुनी हार्ड डिस्कही त्याच्या कितीतरी पट देते. एसएसडीने संगणक चपळ होतो, पण झटके देणारे चित्र सुधारत नाही.

पहिली दहा-पंधरा मिनिटे नीट, मग पंख्याची घरघर आणि झटके. हा उष्णतेचा दोष. कारखान्यांच्या परिसरात आणि रस्त्याकडेच्या घरांत धूळ फार. संगणक बंद करून, वायर काढून, झाकण उघडून मऊ ब्रशने पंखा आणि जाळी साफ करा. हा खर्च शून्य रुपयांचा.

तपासणी घरच्या घरी होते. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना चित्रावर माऊसचे उजवे बटण दाबा. यादीत 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' असे असते, ते निवडा. काळी चौकट उघडते. त्यात कोडेकसमोर एव्हीसी१, व्हीपी०९ किंवा एव्ही०१ यांपैकी काहीतरी लिहिलेले दिसेल. तिथेच 'ड्रॉप्ड' शब्दाजवळ किती चित्रे टाकून दिली तो आकडा असतो. तो सारखा वाढत असेल तर समजावे, गाठोडे वेळेत सुटत नाही.

विंडोज १० किंवा ११ असेल तर टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'मध्ये 'जीपीयू' पाहा. तिथे 'व्हिडिओ डिकोड' नावाचा आलेख असतो. व्हिडिओ चालू असून तो आलेख शून्यावर पडून असेल आणि प्रोसेसर शंभराकडे धावत असेल, तर एसपीएम बंद आहे आणि सगळे ओझे लेथवर आहे. कधी ती एसपीएम यंत्रात नसते म्हणून असे होते. कधी ती असते, पण कोणी चालूच केलेली नसते!

बिनपैशाचे उपाय आधी

पहिला उपाय ड्रायव्हरचा. जुन्या संगणकावर नवे विंडोज टाकताना ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहून जातो. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'डिस्प्ले अॅडॅप्टर'खाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर' असे दिसले तर हाच दोष आहे. मशीन आहे, पण ऑपरेटरच कामावर आलेला नाही. इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया, ज्याची चिप त्याच्याच अधिकृत संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. तो फुकट मिळतो.

दुसरा उपाय ब्राउझरचा. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिस्टीम'खाली ग्राफिक्स अॅक्सिलरेशनचे बटण असते. ते चालू आहे का पाहा, नसेल तर चालू करून ब्राउझर पुन्हा उघडा.

तिसरा उपाय चित्राच्या मापाचा. आपला पडदा किती ठिपक्यांचा आहे ते पाहा. अनेक जुन्या मॉनिटर-लॅपटॉपचा पडदा १३६६ गुणिले ७६८ असतो, म्हणजे साडेदहा लाख ठिपक्यांच्या आत. त्यावर फुल एचडी लावले तरी निम्मे ठिपके दिसायला जागाच नाही. अशा पडद्यावर ७२० लावा. चित्रात फारसा फरक दिसणार नाही, यंत्राचे ओझे निम्म्याहून कमी होईल आणि मोबाईलचा डेटाही वाचेल.

चौथा उपाय कोडेक बदलण्याचा. यूट्यूब १०८० पर्यंतचे बहुतेक व्हिडिओ एच.२६४ मध्येही ठेवते. त्याहून मोठी चित्रे व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये. फायरफॉक्स ब्राउझरला 'एनहान्स्ड एच२६४इफाय' नावाची फुकट जोडणी लावता येते. ती यूट्यूबकडून एच.२६४ चेच गाठोडे मागवते. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या संगणकाला हा उपाय चांगला लागू पडतो.

पाचवा उपाय चांगल्या प्लेयरचा. संगणकात साठवलेल्या फायलींसाठी व्हीएलसी घ्या. १९९६ साली पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून हे काम सुरू झाले आणि २००१ साली ते सर्वांसाठी खुले झाले. आजही ते फुकट आहे, जाहिरात नाही. विंडोजचा स्वतःचा प्लेयर एचईव्हीसीसाठी वेगळी विकतची जोडणी मागतो. व्हीएलसी तेच फुकट चालवते. त्याच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'इनपुट/कोडेक्स'खाली हार्डवेअर डिकोडिंग 'ऑटोमॅटिक'वर ठेवावे. जुन्या यंत्रावर आणखी हलका प्लेयर हवा असेल तर एमपीव्ही आहे, तोही फुकट.

याच व्हीएलसीच्या मंडळींनी २०१८ साली 'डॅव्हिड' नावाचा एव्ही१ सोडणारा कार्यक्रम काढला. एसपीएम नसली तरी प्रोसेसरच्या बळावर एव्ही१ वेगाने सोडावी, हे त्याचे काम. पुढे तो ब्राउझरांनीही घेतला. म्हणून चार गाभ्यांचा, फार जुना नसलेला प्रोसेसर असेल तर एव्ही१ ची एसपीएम नाही एवढ्यावरून घाबरू नये. फुल एचडीपर्यंतचे काम तो बहुधा ओढून नेतो. यंत्र न बदलता नुसत्या सॉफ्टवेअरने किती फरक पडतो, याचे हे उत्तम उदाहरण.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. 'एचडी प्लेयर', 'सुपर कोडेक' अशा नावांच्या जाहिराती व्हिडिओच्या आजूबाजूला नाचत असतात. त्यांवर क्लिक करू नका. त्यातून व्हायरस येतात. व्हीएलसी घ्यायचे तर व्हिडिओलॅनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

मोबाईलवरचे घरगुती चित्रण

दुसरी तक्रार लग्नाच्या आणि कार्यक्रमांच्या व्हिडिओंची. भाचा नव्या फोनवर मंगल परिणयाचे चित्रण करतो. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या दिवसाच्या स्मरणार्थ जाणारी मंडळी तिथले चित्रण आणतात. पेन ड्राइव्हने ते घरच्या संगणकावर लावले की चित्र झटके देते, आजी-आजोबांना काही दिसत नाही. दोष कोणाचाच नाही. फोनने फोर-केमध्ये, एचईव्हीसीने गाठोडे बांधले आणि जुन्या संगणकात ते सोडणारी एसपीएम नाही.

इथे उपाय चित्रणाच्या आधीच करावा. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फुल एचडी निवडा आणि 'हाय एफिशियन्सी' व्हिडिओ बंद ठेवा. आयफोनमध्ये त्याऐवजी 'मोस्ट कम्पॅटिबल' असा पर्याय असतो. मग चित्रण एच.२६४ मध्ये होते आणि कुठेही चालते. आधीच झालेले चित्रण 'हँडब्रेक' या फुकट सॉफ्टवेअरने एच.२६४ मध्ये बदलता येते. जुन्या यंत्राला त्यात तासन् तास लागतील. रात्री लावून झोपावे. मूळ फाइल पुसू नका.

आणि घरात स्मार्ट टीव्ही असेल तर तोच पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून पाहा. टीव्हीच्या चिपमध्येही डिकोडर असतो आणि फोर-के टीव्हीत तो एचईव्हीसी बहुधा सहज सोडतो. निव्वळ पाहण्यासाठी संगणकावर खर्च करण्याची गरजच उरत नाही.

नवे-जुने यंत्र घ्यायचेच असेल तर

ऑफिसे काही वर्षांनी आपले संगणक बदलतात आणि ते दुरुस्त करून बाजारात येतात. आपल्या घरांसाठी हा चांगला मार्ग आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. विंडोज ११ ला इंटेलची साधारणपणे आठवी पिढी किंवा पुढची लागते. म्हणूनच सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे ऑफिसे काढून टाकत आहेत. पैसे असतील तर आठवी किंवा पुढची पिढी घ्या. ती एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही चालवते आणि विंडोज ११ ही घेते. हातात पैसे कमी असतील तर सातव्या पिढीचे घेऊन त्यावर लिनक्स मिंट टाका. ते फुकट आहे आणि अभ्यास, व्हिडिओ, टंकलेखन या सगळ्याला पुरते.

रॅम आठ जीबी असावी, आणि जमल्यास चार-चारच्या दोन पट्ट्यांत. पोटातले ग्राफिक्स स्वतःची वेगळी स्मरणशक्ती बाळगत नाही, मुख्य रॅमच वापरते. दोन पट्ट्या असल्या की रस्ता दुपदरी होतो.

नवा जुळवून घेतलेला, म्हणजे असेम्बल केलेला संगणक घेताना प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे का ते पाहा. आय-३ १२१०० मध्ये ग्राफिक्स आहे, आय-३ १२१००एफ मध्ये नाही. 'एफ' थोडा स्वस्त म्हणून गळ्यात पडतो आणि मग कार्ड घेणे भागच पडते. हजार वाचवायला जाऊन कित्येक हजार घालवल्यासारखे होते.

कार्ड खरोखर कोणाला लागते?

तीन प्रकारच्या घरांना. ज्यांचा प्रोसेसर 'एफ'चा आहे त्यांना. ज्यांचे यंत्र बाकी ठणठणीत आहे, पण पिढी जुनी आणि मोठे एचईव्हीसी व्हिडिओ रोज पाहावे लागतात त्यांना. आणि ज्यांची मुले व्हिडिओ एडिटिंग, त्रिमिती डिझाइन किंवा कॅड शिकतात त्यांना. या मुलांसाठी घेतलेले कार्ड म्हणजे कारागिराची हत्यारे. तिथे कंजुषी करू नये. पण घेताना शिकवणाऱ्याला विचारून घ्यावे.

फक्त व्हिडिओसाठी घेणार असाल तर एक सापळा टाळा. दुकानांत एनव्हिडियाचे जीटी ७१० आणि जीटी ७३० अजून दिसतात. 'ग्राफिक्स कार्ड' म्हणून ते खपवले जातात, पण त्यांच्यात एचईव्हीसीची एसपीएम नाही, व्हीपी९ चीही नाही. सातव्या पिढीच्या प्रोसेसरच्या पोटातले फुकटचे ग्राफिक्स व्हिडिओच्या बाबतीत त्यांच्या पुढे आहे! २०१७ चे जीटी १०३० मात्र दोन्ही चालवते. ते अवघे ३० वॉट घेते, वेगळी वायर लागत नाही, त्यामुळे ऑफिसच्या छोट्या संगणकालाही पेलते. एव्ही१ त्यात नाही. एव्ही१ हवी तर एनव्हिडियाची आरटीएक्स ३० मालिका किंवा पुढची, नाहीतर इंटेलचे आर्क. एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या २०२२ च्या कार्डांतही एव्ही१ नाही, हे विशेष. नवे म्हणजे सगळे असणारच, असे धरून चालू नये.

कार्ड टाकल्यावर मॉनिटरची केबल कार्डालाच जोडा. जुन्याच जागी राहिली तर पैसे घालून कार्ड रिकामे बसून राहते. आणि ऑफिसचे चपटे संगणक असतील तर कमी उंचीचे, म्हणजे लो-प्रोफाइल कार्डच आत बसते. मोजमाप करून जा.

दुकानात विचारायचे प्रश्न

दुकानदार आपल्याला घाईत पाहतो, रात्रपाळी करून आलेला माणूस पाहतो. संकोच न करता विचारा.

"भाऊ, प्रोसेसरचा पूर्ण आकडा कागदावर लिहून द्या. शेवटी एफ आहे का?"

"यात एचईव्हीसी आणि व्हीपी९ हार्डवेअरमध्ये चालते का?"

"माझ्या पेन ड्राइव्हवरचा हा व्हिडिओ इथे लावून दाखवा, आणि टास्क मॅनेजरमध्ये व्हिडिओ डिकोड किती चालतो तेही दाखवा."

"कार्डाने फरक पडला नाही तर किती दिवसांत परत घ्याल? पावतीवर लिहाल का?"

जो दुकानदार दाखवायला तयार आहे त्याच्याकडे घ्या. जो म्हणतो, "काका, तुम्हाला त्यातले काही कळणार नाही," त्याच्या दुकानातून नमस्कार करून बाहेर पडा. बरोबर मुलीला किंवा मुलाला अवश्य न्या. यंत्र त्यांच्यासाठी आहे, प्रश्नही त्यांनाच विचारू द्या. भर दुकानात चार माणसांत प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर ती पुढे सगळीकडे उपयोगी पडते.

चाकणच्या बंधूंनी पाठवलेल्या वर्णनावरून त्यांचे यंत्र सहाव्या पिढीचे दिसते. एच.२६४ आणि साधी एचईव्हीसी त्यात चालायला हवी. म्हणून त्यांना सांगणे असे : आधी ड्रायव्हर पाहा, मग ब्राउझरचे बटण, मग यूट्यूबचे कोडेक. पंखा झाडा. पडदा छोटा असेल तर ७२० वर व्याख्यान लावा. एवढे करूनही 'ड्रॉप्ड'चा आकडा वाढत राहिला तरच कार्डाचा विचार करा. नऊ हजार रुपये वाचले तर त्यातून तिला चांगली खुर्ची, दिवा आणि वर्षभराची पुस्तके येतील.

हा लेख कापून ठेवा. खरेदीला जाताना खिशात असू द्या, आणि शेजारी कोणी कॉम्प्युटर घेणार असेल तर त्यालाही वाचायला द्या. पुढील खेपेला जुन्या संगणकावर लिनक्स मिंट कसे टाकायचे आणि त्यात मराठी टंकलेखन कसे करायचे ते पाहू. आपल्या यंत्राची पिढी आणि अडचण स्वच्छ अक्षरात लिहून कळवा.